पन्नास दात, चौतीस दात

जगात असं लोखंड अजून जन्माला आलेलं नाही, जे बाबारावांच्या हाताला नमत नाही. हे मत खुद्द बाबारावांचं. वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात उभी हयात काढलेल्या माणसाला ते शोभूनही दिसे. शनिवारी सकाळी सुनेच्या सायकलला तेल देताना पॅडलजवळच्या दातेरी चक्रांवरची एक पट्टी त्यांना किंचित तिरपी वाटली. त्यांनी ती पकडीत धरली आणि नमवली. पट्टी नमली नाही, तुटली. ती लोखंडाची नव्हती, ॲल्युमिनियमची होती.

"काय वाजलं?" स्वयंपाकघरातून बायकोने, लताबाईंनी विचारलं.

"काही नाही. ॲडजस्ट करून राहिलो."

"ॲडजस्ट केल्यावर खाली काय पडलं मंग?"

खाली पडलेल्या वस्तूचं काम एवढंच होतं, की सायकलवाल्याने कळ दाबली की साखळीला ढकलून मोठ्या चक्रावरून धाकट्यावर न्यायचं. पण सुनेची, देवश्रीची, उद्या घाटात चढाईची चाचणी होती, राज्याच्या संघासाठी. बँकेची नोकरी सांभाळून वर्षभर ती अंधारात उठून सायकल हाणत होती. आणि धाकटं चक्र नसेल तर घाट चढायला सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

"तिले फोन करून सांगून टाका," लताबाई म्हणाल्या.

"काहून? संध्याकाळपर्यंत नवीन बसवतो. तिले समजणार बी नाही."

तुटका तुकडा खिशात घालून बाबाराव पुरानी बस्तीत नत्थूभाऊंच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात गेले. नत्थूभाऊ हे त्यांच्याच मताचे गृहस्थ. त्यांनी तुकडा पाहिला, "याचं आता काय करता?" म्हणून भंगारात भिरकावला आणि फळीवरून दुसरा भाग काढून दिला.

"हे बसते का पण?"

"बसवलं तर बसते."

त्यांनी बसवलं. खालच्या बाजूने कानस मारली, वरून हातोडी मारली, मध्ये थोडं स्वतःच्या अंगठ्यावरही मारलं. भाग बसला. साखळी मात्र मोठ्या चक्रावर चढेना, आणि एकदा चढली ती दळण दळल्यासारखी खरखरायला लागली. तो भाग जाड टायरच्या, पॅडलपाशी तीन दातेरी चक्रं असलेल्या डोंगरी सायकलचा होता. त्याच्या पोटाची गोलाई लहान चक्राच्या मापाची. पन्नास दातांच्या चक्राशी त्याचं जमणं शक्य नव्हतं.

दुपारी बाबारावांनी स्कूटर शंकर नगरकडे वळवली. तिथल्या शोरूममध्ये एसी होता, सायकली भिंतीवर टांगलेल्या होत्या, आणि मालक यशदीपला मराठी सगळं समजे, फक्त तोंडातून हिंदी निघे.

"पुढची साखळी बदलते ना, ते द्या."

"फ्रंट डिरेलर?"

"डिरेलर? आम्ही जिंदगीभर गाडी रुळावरून उतरू नये म्हणून मेलो, अन् तुम्ही उतरवायचा पार्ट विकून राहिले?"

"अंकल, क्रैंक कौन सा है?"

"स्टँडर्ड." रेल्वेत हा शब्द उच्चारला की पुढचे प्रश्न बंद होत.

"पक्का स्टैंडर्ड? बड़े में कितने दाँत हैं?"

"पन्नास. धाकट्यात चौतीस." एवढं त्यांनी घरी मोजलं होतं.

"तो वो कॉम्पैक्ट हुआ. स्टैंडर्ड का नहीं चलेगा."

"म्हणजे आमच्या सुनेनं स्टँडर्ड नसलेली सायकल घेतली?"

यशदीपने हा प्रश्न सोडून दिला. "क्लैम्प वाला चाहिए ना? पाइप का साइज बताइए."

बाबारावांनी घरी फोन लावला. "लता! अवो लता! सायकलच्या उभ्या पायपाचं माप घे. जिथं मी सकाळी... हव, तिथंच."

लताबाईंनी शिलाई मशीनवरचा टेप घेतला. थोड्या वेळाने उत्तर आलं, "दहा सेंटीमीटर."

"दस सेंटीमीटर?" यशदीप म्हणाला. "अंकल, साइकिल है कि बिजली का खंभा?"

"आमच्या घरचं माप चुकत नसते! या घरातले सगळे ब्लाऊज..." बाबाराव बोलता बोलता थांबले. "लता, कसं मोजलं तू?"

"कसं म्हणजे? गोल फिरवून. पायपाले काय छाती अन् कंबर वेगळी असते?"

"घेर!" बाबाराव ओरडले. दुकानातलं गिऱ्हाईक दचकलं. त्यांनी तळहातावर पेनने भागाकार केला, हातचा धरला, आणि विजयी मुद्रेने वर पाहिलं. "बत्तीस मिलीमीटरच्या जराशीक आत!"

यशदीप "देखता हूँ" म्हणून आत गेला. बराच वेळ तो बाहेर आला नाही. आला तेव्हा हातात एकच खोका होता, आणि आता त्याला काहीही विचारायचं नव्हतं. आपल्या भागाकाराने पोट्टा गप्प झाला, असं बाबारावांनी ताडलं.

घरी लताबाई पॅडल फिरवत होत्या आणि बाबाराव दोन इवल्या स्क्रूंशी झुंजत होते. एक पिळला की साखळी बाहेर पडे, दुसरा पिळला की आत.

"अजून किती फिरवू? इतक्यात मी भिलाईले पोचली असती."

शेवटी टक् आवाज झाला आणि साखळी सुतासारखी धाकट्या चक्रावर उतरली. बाबारावांनी हात धुतले, तेलाचे डाग पुसले, आणि वर्तमानपत्र उघडून बसले.

संध्याकाळी देवश्री आली. पर्स न ठेवता तिने सायकलचं मागचं चाक उचललं, पॅडल फिरवलं, कळ दोनदा दाबली.

"छान बसलं बाबा."

"काय बसलं?" वर्तमानपत्र म्हणालं.

"डिरेलर. सायकल त्यांच्याकडूनच घेतलेली ना, यशदीपभैयांनी दुकानातून फोन केला होता. म्हणे, एक अंकल आलेत, खांबासाठी डिरेलर मागतायत. तुमच्याच घरचे तर नाहीत?"

"खांबावरून तुले मी कसा समजलो?"

"फोनवर लता लता ओरडत होते म्हणाले. मग मीच सांगितलं, कोणतं द्यायचं ते."

लताबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. बाबारावांनी तळहाताकडे पाहिलं. भागाकार अजून पुसला नव्हता.

"मंग माहा हिशोब?"

"हिशोब बरोबरच होता, बाबा."

बाबाराव लगेच उठले. "तर मंग ब्रेकही पाहून घेतो. सीटही जराशी तिरपी दिसून राहिली."

देवश्री सायकल आणि सासरे यांच्या मध्ये येऊन उभी राहिली. "नको, बाबा. फक्त एक काम करता? सकाळी माझ्या बाटलीत पाणी भरून ठेवा."

"बस? एवढंच?"

"हव. झाकण मी लावीन."