खंडाळकर पाणी प्यायले नाहीत

लक्ष्मण जहागीरदार सरांची जहागीर आडनावापुरतीच उरली होती. बाकी मालमत्ता म्हणजे बीड बायपासच्या पलीकडे सातारा परिसर नावाच्या वस्तीत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, औरंगपुऱ्यातला स्पर्धा परीक्षांचा क्लास आणि डोक्यातलं तर्कशास्त्र. 'विधाने आणि निष्कर्ष' शिकावं तर जहागीरदार सरांकडेच, असं पार जालन्यापर्यंतची पोरं म्हणत. सर स्वतः तर रोजच म्हणत.

"मला दोन विधानं द्या," ते वर्गात सांगत, "तिसरं मी देतो. ते चुकलं तर पुन्हा खडू हातात धरणार नाही."

घरीही हेच चाले. उमाताईंनी लागोपाठ दोन दिवस खिचडी टाकली, की तिसऱ्या दिवशी सर जाहीर करत, की हिच्या माहेरून कुणीतरी येणार. वर्षातून एखाद्या वेळी येतही असे. ती एक वेळ सर वर्षभर सांगत. उरलेल्या खिचड्यांचा हिशेब कोणी ठेवत नसे.

२०१३ साल. सातारा परिसरात आठवड्याला एक इमारत उभी राहत होती. पाणी मात्र कुठूनच येत नव्हतं. बोअर मार्चमध्येच आटले. दिवसाआड टँकर यायचा, त्याचं पाणी खालच्या हौदात पडायचं आणि मोटारीनं वर चढायचं. त्या एप्रिलमध्ये मोटारही जळाली. मग चार घरची धुणीभांडी करणारी बानाबाई हंडे भरून तिसऱ्या मजल्यापर्यंत चढवायची. ती मूळची पिशोरची. नवरा मेंढरं घेऊन गोदाकाठाला गेलेला, आणि ही इथं शहरात जिने चढत होती.

अशा दिवसांत एका रविवारी सरांच्या मृण्मयीला पाहायला वैजापूरहून खंडाळकर आले. मृण्मयी सव्वीस वर्षांची, शेंद्र्याच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला. मुलगा अमेय जनावरांचा सरकारी डॉक्टर होता. वैजापूरजवळच्या चारा छावणीत त्याची नेमणूक होती, आणि उन्हानं त्याचा चेहरा तव्यासारखा झाला होता. बरोबर त्याची आई द्वारकाबाई. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, बोलायला मऊ. स्थळ आणलं होतं सरांचे जुने स्नेही आप्पासाहेब यांनी. निवृत्तीनंतर ते लग्नं जुळवायचं काम हौसेनं करत.

पोहे आले. द्वारकाबाईंनी दोनदा मागून घेतले. अमेयनंही घेतले. शेजारी पाण्याचे पेले भरून ठेवले होते, त्यांना कोणी हात लावला नाही. मध्येच अमेयला ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं, कानापर्यंत लाल झाला, आईनं पाठीवर थोपटलं. पण पेल्याकडं त्याचा हात गेला नाही. नंतर सरबत आलं, तर द्वारकाबाई म्हणाल्या, "राहू द्या हो, अगदी काही नको."

मग मृण्मयी आणि अमेय गच्चीवर जाऊन आले. वीस मिनिटं लागली. खाली आल्यावर दोघंही गप्प होते आणि दोघांच्याही चपला उलट्या पायांत होत्या. हे उमाताईंनी पाहिलं. सरांची नजर पेल्यांवर होती.

पाहुणे गेल्यावर सरांनी बैठकीतला एकेक पेला उचलून उजेडात धरला. दोन्ही काठोकाठ भरलेले.

"नकार आहे," सर म्हणाले.

"काहीतरीच. दोनदा पोहे घेतले त्यांनी," उमाताई म्हणाल्या.

"पोह्यांचा इथं संबंध नाही. पैठणची आत्या काय सांगायची? स्थळ नापसंत असलं, की माणसं त्या घरचं पाणी पीत नाहीत. हे पहिलं विधान. खंडाळकर पाणी प्यायले नाहीत, हे दुसरं. अगं, पोराला ठसका लागला तरी प्यायला नाही. एवढा पक्का नकार मी आयुष्यात पाहिला नाही."

"दोन दिवस थांबा. आप्पासाहेबांचा फोन येईलच."

"तोच तर यायला नको. नकार ऐकून माझ्या लेकीनं मान खाली घालायची? त्याआधी आपणच नाही म्हणायचं."

सरांची लेकीवर फार माया होती, यात शंका नाही. दहावीच्या निकालाच्या दिवशी तिच्याआधी तेच रडले होते. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, आणि सोमवारी सकाळी दात घासायच्या आधी त्यांनी आप्पासाहेबांना फोन लावला.

"वा, मीच करणार होतो," आप्पासाहेब म्हणाले. "खंडाळकर वहिनींचं काय म्हणणं आहे, ते..."

"मला माहीत आहे त्यांचं म्हणणं. आमच्याकडून नकार कळवून टाका."

"अहो, पण कारण काय सांगू?"

"सांगा, मुलीला पुढं शिकायचंय."

मृण्मयीला त्यांनी एवढंच सांगितलं, की तिकडून काही जमेलसं दिसत नाही. ती डबा भरत होती. "ठीक आहे," म्हणाली, आणि डबा ओट्यावरच विसरून कामावर गेली.

त्याच दिवशी दुपारी सरांनी क्लासमध्ये नवं प्रकरण घेतलं. फळ्यावर लिहिलं : ज्यांना ताप असतो, त्यांना भूक नसते. मोतीरामला भूक नाही. निष्कर्ष : मोतीरामला ताप आहे.

"बरोबर का चूक?"

पहिल्या बाकावरची सुकेशनी उभी राहिली. "चूक, सर. तो घरून जेवून आला असंल."

"शाब्बास. ताप असला की भूक नसते, म्हणून भूक नसली की तापच असतो, असं होत नाही. या एका चुकीवर हजारो उमेदवार घरी बसलेत." असं म्हणून सरांनी ठळक फुली मारली, हात झटकले आणि समाधानानं घरी आले.

पुढचं सगळं आप्पासाहेबांनी केलं. सरांच्या संगतीत राहून निष्कर्ष काढायची सवय त्यांनाही लागली होती. मुलीला पुढं शिकायचंय. मुलगी औषधांच्या प्रयोगशाळेत आहे. तिथली यंत्रं जर्मनीची आहेत, असं सरांनीच कधीतरी सांगितलेलं. म्हणजे मुलगी जर्मनीला चालली. खंडाळकरांना त्यांनी तसं कळवलं, आणि वाटेत भेटलेल्या दहाबारा जणांनाही.

आठ दिवसांत खालच्या मजल्यावरच्या काकू चिवड्याचा पुडा घेऊन आल्या. तिकडं मिळत नाही म्हणे. सोसायटीच्या फळ्यावर टँकरच्या वेळापत्रकाखाली कोणीतरी मृण्मयीचं अभिनंदन लिहिलं. सरांना वाटलं, तिला कंपनीत बढती मिळाली असावी. चिवडा आणि अभिनंदन, ही दोन विधानं त्यांच्याकडं होतीच. संध्याकाळी ते पेढे घेऊन आले, आणि त्यांनी ते स्वतःच्या हातानं सगळ्या मजल्यांवर वाटले. ज्यांचा जर्मनीवर विश्वास बसला नव्हता, त्यांचाही त्या पेढ्यांनी बसला.

त्या आठवड्याच्या शनिवारी मृण्मयी दुपारीच घरी आली. चप्पल न काढता सरांसमोर उभी राहिली.

"बाबा, मी जर्मनीला कधी चाललेय?"

"जर्मनीला?"

"साहेबांनी नव्या विभागाचं काम दुसरीला दिलं. म्हणाले, तुम्ही तर चाललात. तीन वर्षं मी त्या कामाची वाट पाहत होते. त्यांना कोणी सांगितलं विचारलं, तर आप्पासाहेबांचं नाव निघालं. आप्पासाहेबांना विचारलं, तर तुमचं निघालं."

मग सरांना सगळं सांगावं लागलं. पेले, आत्या, फोन. सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक होत गेला.

मृण्मयी खुर्चीत बसली. "म्हणजे तिकडून नकार आलाच नव्हता?"

"येणार होता. म्हणजे, तसा निष्कर्ष..."

"गच्चीवर आम्ही ठरवलं होतं, बाबा. तो म्हणाला, छावणी बंद झाली की जूनमध्ये साखरपुडा करू. मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, तिकडून जमत नाही. मला वाटलं, माझंच काहीतरी त्याला खटकलं. पंधरा दिवस मी आठवतेय, मी काय चुकीचं बोलले."

स्वयंपाकघरात बानाबाई भांडी विसळत होती. एका तांब्यात सगळी भांडी कशी होतात, ते तिच्याकडून शिकावं. ती पदराला हात पुसत दारात आली.

"ती वैजापूरची बाई व्हय? लई मायाळू हाय. मी हंडा घेऊन जिन्यात टेकले व्हते, तर तिनं माझ्या डोक्यावरचा हंडा धरला. मला म्हणली, रोज चढवतीस का गं इतकं? म्या म्हणलं, व्हय, मोटार जळालीय. मग पोराला म्हणली, बाळा, यांच्या घरी पानी पिऊ नको, सांडू बी नको. त्यो म्हणला, छावणीत बी मी तेच करतो, आई."

मृण्मयीनं आत्ता कुठं चप्पल काढली.

"लई गुणाचं पोरगं," बानाबाई म्हणाली. "कवा हाय लगीन?"

उमाताई तिला आत घेऊन गेल्या. सर तसेच बसून राहिले. फळ्यावर मोतीरामच्या तापावर आपण केवढी ठळक फुली मारली होती, ती त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. सुकेशनीला जे एका वाक्यात कळलं होतं, ते त्यांनी बावीस वर्षं शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं ते वैजापूरला गेले. वाटेत दोन्ही बाजूंना रानं भाजून पडली होती. गाडीत बोलायची वाक्यं त्यांनी मनातल्या मनात तीनदा जुळवली आणि तीनदा मोडली.

द्वारकाबाई घरी एकट्याच होत्या. अमेय रविवारीही छावणीवर. सरांनी बसल्याबसल्या सगळं सांगून टाकलं, आत्यासकट. ठसक्याच्या ठिकाणी द्वारकाबाईंना हसू आलं. पण ते ओठांवर येऊन तिथंच राहिलं.

"सर, तुम्ही चार दिवस आधी यायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "अजिंठ्याच्या मुलीशी परवा सुपारी फुटली. अमेय नको म्हणत होता. मीच मागं लागले. आप्पासाहेबांनी जर्मनी सांगितली, तेव्हा तो म्हणाला, आई, ती एवढी शिकायला निघालीय, आपण आडवं यायचं नाही. चार दिवस धड जेवला नाही. मला वाटलं, दुसरीकडं ठरलं की सावरेल."

"मोडता नाही येणार?" सरांनी विचारलं, आणि विचारताक्षणी त्यांचे कान गरम झाले.

"तीसुद्धा कुणाची तरी मुलगीच आहे, सर."

निघताना द्वारकाबाई फाटकापर्यंत आल्या.

"मृण्मयीला सांगा, ती मला पहिल्या पाच मिनिटांत आवडली होती. तिच्यात काही कमी नव्हतं. माझ्या तोंडून ऐकल्यासारखं सांगा."

दुपारच्या उन्हात सर घरी पोचले. परतताना शहरात शिरताच पेट्रोल पंपाच्या चौकात उतरून ते तसेच मृण्मयीच्या कंपनीतल्या साहेबांच्या घरी गेले होते. माझी मुलगी कुठंही चाललेली नाही, चूक माझी आहे, असं त्यांनी दारात उभ्या उभ्या सांगितलं. साहेब म्हणाले, बघतो. नवं काम गेलं ते गेलंच, पण पुढच्या वर्षी तिचा विचार करू.

घरात उमाताई आणि मृण्मयी बैठकीत बसल्या होत्या. दोघींनी जेवण केलेलं दिसत नव्हतं.

"काय म्हणाल्या?" मृण्मयीनं विचारलं.

सरांनी पिशवी खाली ठेवली, घाम पुसला आणि घसा साफ केला. "म्हणजे एकूण त्यांच्या बोलण्याचा अर्थ असा निघतो, की..."

"अर्थ नको, बाबा. काय म्हणाल्या, तेवढंच सांगा."

मग रोज तीन तास न थांबता बोलणाऱ्या जहागीरदार सरांनी द्वारकाबाईंची वाक्यं होती तशी, एकामागून एक, सांगितली. मध्ये कुठं 'म्हणून' नाही की 'म्हणजे' नाही. दोन मिनिटं पुरली.

मृण्मयीनं सगळं ऐकून घेतलं. मग "बरं," म्हणाली आणि तिघांची ताटं घ्यायला उठली.

त्या 'बरं'चा अर्थ काय, ते सरांना अजून कळलेलं नाही. आणि तो तिलाच विचारावा, एवढं धाडसही त्यांना झालेलं नाही.