नळाला लावलेला कान

पाण्याचा वॉल फिरवण्याच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये. जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात भट्टीच्या पाण्याचे वॉल मीच सांभाळतो. म्हणून गावात नळयोजनेची तपासणी होणार असं कळल्यावर मी सुट्टी टाकून आलो आणि बायकोला, रेणुकेला, ठणकावून सांगितलं, "उद्या साहेबासमोर सरपंचाचं पितळ उघडं पाडतो की न्हाई बघ."

"पाडा," ती म्हणाली. "आधी आडावरून दोन हंडे आणा. उद्याच्या टँकरपर्यंत घरात थेंब न्हाई."

माझं डोकं तिथूनच तापलं. दारात नळ बसवून दोन उन्हाळे झाले. त्यातून फक्त हवा येते. तीसुद्धा अशी घोरत येते की वाटावं, माझा सासराच पाइपात झोपलाय. तोटी कुणीतरी कधीच काढून नेली. आत पाली जातात म्हणून रेणुकेनं पाइपाच्या तोंडात चिंधी कोंबलीय. आणि सरपंच राजानंदराव दर भाषणात सांगतात, घरोघरी गंगा आली.

सकाळी बघतो तर टँकर गल्लीत न येता पाण्याच्या टाकीला लागलेला. आमच्या वाटचं प्यायचं पाणी ते त्या कोरड्या टाकीत ओतून राह्यले होते, तपासणीपुरते नळ वाहावेत म्हणून. म्हंजे आमचंच पाणी आम्हाला खोटं पाडणार. शेजारची आसराबाई रिकामा हंडा कमरेवर घेऊन उभी होती. तिनं सरपंचाच्या सात पिढ्यांची जी तपासणी केली, ती सरकारला जन्मात जमायची न्हाई.

मी पान्हा उचलला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी लिंबाखाली एक वॉल आहे. तो बंद केला की टाकीत समुद्र ओता, आमच्या नळाला थेंब येणार न्हाई. वॉल गंजून दगड झाल्ता. एका बाजूला हलेना. दुसऱ्या बाजूला जोर लावला तर फिरला. पार घट्ट होईस्तोवर फिरवला आणि उठलो, तर साहेबांची गाडी गावात शिरत होती.

मी गाडीला आडवा झालो.

"साहेब, आधी आमच्या गल्लीत चला."

"तिकडं कशाला?" साहेबाशेजारी बसलेले राजानंदराव म्हणाले. "तिकडं चिखल आहे, साहेब."

"पाणीच न्हाई तर चिखल कुठून आला?"

तपासणीला आलेले भालचंद्र साहेब हसले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, सोनेरी काड्यांचा चष्मा. ते उतरले. त्यांच्यासोबत मोबाईलवर फोटो काढणाऱ्या अंतरा मॅडम होत्या. सगळे माझ्या दाराशी आले. पाइप गुरगुरत होता.

"ऐका साहेब. नुसती हवा. जरा कान लावा."

साहेब बिचारे वाकले. कान पाइपाशी नेला. "हो, आवाज येतोय खरा," ते म्हणाले, आणि पुरावा पक्का व्हावा म्हणून मी चिंधी ओढली.

पुढं काय झालं ते मला नीट दिसलं न्हाई, कारण चिंधी माझ्या डोळ्यावर बसली. ती काढली तेव्हा साहेबाचा चष्मा तुळशीत होता, साहेब शेणाच्या पाटीत बसले होते आणि पाइपातून म्हशीच्या मांडीएवढी धार सुटली होती. गल्लीतल्या सगळ्याच नळांना पाणी आलं. बाया हंडे, घागरी, पातेली, हाती लागेल ते घेऊन धावल्या.

"भरू नका!" मी ओरडलो. "हे टँकरचं पाणी आहे! हे खोटं पाणी आहे!"

"खोटं असू दे, भरू दे," आसराबाई म्हणाली आणि मला कोपरानं बाजूला सारलं.

साहेब उठले. अंगावरचं शेण झटकत त्यांनी रेणुकेला विचारलं, "बाई, नळाला पाणी येतं का?"

तिच्या हातात भरलेला हंडा, डोक्यावर दुसरा. ती वैतागून म्हणाली, "येतंय की. डोळ्यांनी दिसत न्हाई का? सरका बाजूला."

साहेब माझ्याकडं वळले. "आणि दाब कमी असल्याची तक्रार तुमची?"

राजानंदरावांनी खिशातला रुमाल काढून अत्यंत प्रेमानं साहेबाची मान पुसली.

गाडी गेल्यावर टाकीवरून पाणी सोडणारा राधेश्याम माझ्याकडं धावत आला. "गोरखभाऊ, लिंबाखालचा वॉल कुणी उघडला? तो तर मी सकाळीच बंद केल्ता. पाणी फक्त सरपंचाच्या गल्लीत जायला पाहिजे होतं."

मी पान्हा पाठीमागं लपवला.

अहवालात आलं, योजना सुरळीत, दाब उत्तम. नळाला उत्तम दाबानं पाणी असलेल्या गावाला टँकर कशाला, म्हणून टँकर बंद झाला. आडही आटला. आता मी सुट्टीला आलो की मोटारसायकलला कॅन बांधून लांबच्या विहिरीवर जातो, आणि विहिरीवर भेटणारा प्रत्येकजण मला दाबाबद्दल विचारतो. दोनदा जालन्याच्या सरकारी कचेरीत जाऊन भांडलो. तिथं म्हणाले, फोटो आहे ना तुमचा.

फोटो पंचायतीच्या भिंतीवरही लागलाय, चांगला दाराएवढा. मागं धार, पुढं मी, दोन्ही हात वर, तोंड उघडं. खाली लिहिलंय, 'नळाला पाणी आल्याचा आनंद व्यक्त करताना ग्रामस्थ.'

रेणुका म्हणते, लग्नाच्या फोटोपेक्षा यात तुम्ही बरे दिसता.