चार नंबरची बाटली

"दहाच्या दहा वाईन घेऊन या," एर्मेस म्हणाला. "बाटल्या झाका, नावं लपवा. रविवारी दुपारी बसतो आणि या यादीचं भरीत करून दाखवतो."

हे वाक्य तोंडातून सुटलं तेव्हा तो ओनोरिनाच्या खानावळीत खिडकीजवळच्या टेबलाशी बसला होता, आणि ते सुटताक्षणी त्याला वाटलं, कुणीतरी आपलं तोंड दाबायला हवं होतं. पण एर्मेसचं तोंड दाबणारा माणूस त्या टेकड्यांमध्ये जन्माला यायचा होता.

झालं होतं असं. दर शरदात एक मासिक त्या भागातल्या वर्षातल्या सर्वोत्तम दहा वाईनची यादी छापायचं. शहरातून चार समीक्षक यायचे, तीन दिवस चाखायचे आणि निकाल लावून जायचे. मग वर्षभर गावात त्यावर भांडणं चालायची. यंदाची यादी डोरिनोने मोठ्याने वाचून दाखवली. डोरिनो गावातला न्हावी, आता दुकान बंद करून बसलेला, पण वाचून दाखवायची खोड गेली नव्हती. पहिल्या नंबरावर नाव होतं सिल्वानोचं.

खानावळीतली सगळी डोकी एर्मेसकडे वळली.

एर्मेस सहकारी वाईन कारखान्याच्या तळघराचा अडतीस वर्षं प्रमुख होता. त्याच्या नाकाच्या गोष्टी लोक लग्नात सांगत. ग्लास हुंगून द्राक्षं टेकडीच्या कोणत्या उतारावरची ते तो सांगायचा. एकदा तळघराच्या दारातूनच म्हणाला होता, "तिसऱ्या पिंपामागे उंदीर मेलाय," आणि उंदीर तिसऱ्याच पिंपामागे निघाला होता. सिल्वानो त्याच्याच हाताखाली शिकला. पंधरा वर्षांपूर्वी सगळ्या कामगारांसमोर एर्मेस त्याला म्हणाला होता, "तुझ्या हातून कोशिंबिरीवर शिंपडायचं व्हिनेगरही धड होणार नाही." दुसऱ्या दिवशी सिल्वानोने काम सोडलं, सासऱ्याचा पडीक मळा कसायला घेतला, आणि तेव्हापासून दोघांत एक शब्द नव्हता.

तेव्हा सगळे आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर एर्मेस जे बोलायचं ते बोलून गेला.

अडचण एवढीच होती की फेब्रुवारीतल्या तापानंतर त्याला कसलाही वास येत नव्हता.

जिभेला आंबट, गोड, कडू कळायचं. बाकी सगळं कोरं. कॉफी म्हणजे गरम कडू पाणी, वाईन म्हणजे गार आंबट पाणी. आधी वाटलं आठवड्यात येईल, मग वाटलं ईस्टरपर्यंत येईल. मग त्याने वाट बघणं सोडलं आणि लपवायला सुरुवात केली. बायकोला, नेरिनाला, सुद्धा सांगितलं नाही. डॉक्टरकडे गेला नाही, कारण डॉक्टरच्या दारात जो बसलेला दिसतो त्याची बातमी दुपारपर्यंत गावभर होते. नाक हेच ज्याचं नाव, त्याने ते गेल्याचं सांगायचं तरी कसं?

रविवारी दुपारी तीनला मंडळी जमली. परीक्षक तीन: एर्मेस, डोरिनो आणि गल्यानो. गल्यानोचा मळा एर्मेसच्या घराला लागून. स्वतः वाईन करायचा, पण यादीत कधी आला नव्हता आणि येण्याची आशाही नव्हती, म्हणून निःपक्षपाती समजला जायचा. दहा घरी फिरून बाटल्या त्यानेच जमवल्या होत्या. ओनोरिनाने त्या आत स्वयंपाकघरात नेऊन प्रत्येकीला आपल्या नवऱ्याचा एकेक लोकरी मोजा गळ्यापर्यंत चढवला आणि वर चिठ्ठ्या डकवल्या, एक ते दहा. कोणत्या मोज्यात काय आहे ते फक्त तिलाच ठाऊक. ती ओतणार, चाखणार नाही. थुंकायला एक बादली ठेवली होती. ती संध्याकाळपर्यंत कोरडी राहिली.

सुरुवातीलाच एर्मेस पकडला जाता जाता राहिला.

"ओनोरिना, अगं आत चीज आणि बटाटे तळतेयस तू," डोरिनो ओरडला. "या वासात माणसाने वाईन काय हुंगायची? एर्मेस, तू कसा काही बोलत नाहीस?"

एर्मेसला काही तळलं जातंय याचा पत्ताच नव्हता. पण अडतीस वर्षं प्रमुखपद भोगलेला माणूस होता तो.

"नाक मुरवायचं असेल तर असंच," तो शांतपणे म्हणाला. "शांत खोलीत कुणीही हुंगेल."

गल्यानोने डोरिनोकडे बघून मान हलवली. बघ, याला म्हणतात माणूस.

एर्मेसने मनाशी युक्ती ठरवली होती. आपलं नाक चालत नाही, पण डोळे चालतात. दोघांच्या तोंडांकडे बघायचं. गल्यानोला वाईन आवडली की त्याचा खालचा ओठ पुढे येतो. डोरिनोला आवडली की तो दुसरा घोट लगेच घेतो. त्यावरून गुण द्यायचे, आणि जिभेला आंबट-कडू जे कळेल ते वर दोन वाक्यांत पेरायचं. पहिल्या तीन बाटल्यांना हे छान जमलं. पहिलीला वीसपैकी चौदा, दुसरीला बारा, तिसरीला पंधरा. दोघांचे गुणही जवळपास तेच आले. एर्मेसला वाटलं, नाकाशिवायही हा धंदा करता येतो की. ही गोष्ट तरुणपणी कळती तर किती दगदग वाचली असती.

मग चार नंबर आला.

गल्यानोने ग्लास नाकाशी नेला आणि थबकला. पुन्हा हुंगलं. त्याच्या कपाळावर आठी पडली, डोळे बारीक झाले. डोरिनोने एक घोट घेतला, तो तोंडातच धरला आणि छताकडे बघत राहिला. गिळायला त्याला बराच वेळ लागला. कुणी काही बोलेना.

एर्मेसने दोघांकडे पाहिलं. अशी शांतता त्याने आयुष्यात फार थोड्या वेळा ऐकली होती, आणि दर वेळी ती मोठ्या वाईनपुढेच पडली होती. त्याने डोळे मिटले, घोट जिभेवर फिरवला. आंबटपणा स्वच्छ, सरळ. बास.

"ही," तो म्हणाला. "ही वाईन. एकोणीस."

गल्यानो चपापला. "एकोणीस? मला जरा, म्हणजे, ओलसर..."

"ओलसर, बरोबर," एर्मेस म्हणाला. "जुन्या तळघराची भिंत. दगड. ते आजकालच्या पोरांना जमत नाही. हे कुणातरी जुन्या माणसाचं काम आहे."

गल्यानोने ग्लासात पुन्हा नाक घातलं. एवढा मोठा माणूस म्हणतो म्हणजे दगड असणारच. त्याने अठरा लिहिले. डोरिनोने आपल्या कागदावर सहा लिहिले होते. त्याने एर्मेसकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि सहाच्या आधी हळूच एकाचा आकडा काढला.

उरलेल्या सहा बाटल्या संपेतो साडेपाच झाले. बेरीज झाली. चार नंबर बाकीच्यांना कुठल्या कुठे मागे टाकून पहिला आला होता. ओनोरिनाने मोजा ओढून काढला.

लेबलवर सिल्वानोचं नाव होतं.

ज्या यादीचं भरीत करायला तो बसला होता तिला त्याने स्वतःच्या हाताने हार घातला होता.

पण ओनोरिनाचे डोळे भरून आले. या गुरू-चेल्याचं पंधरा वर्षांचं वैर तिला नेहमी लागून राहायचं, कारण दोघंही तिची चांगली गिऱ्हाइकं होती आणि दोघांना एकाच दिवशी बोलावता येत नव्हतं. एर्मेस "थांब" म्हणायच्या आत तिने फोन लावला होता. "सिल्वानो, असशील तसा ये. तुझ्या मास्तरांनी तुला एकोणीस दिले. अरे, न बघता दिले. मोजा घालून."

वीस मिनिटांत सिल्वानो दारात उभा. पंचेचाळिशीचा दांडगा माणूस, बुटांना मळ्यातला चिखल तसाच. टोपी काढून हातात धरली होती.

"मास्तर," तो म्हणाला, "मासिकवाल्यांचा फोन आला तेव्हा मी पिंपं धूत होतो. फोन ठेवला आणि पुढचं पिंप धुतलं. पण आज येताना मला दोनदा गाडी थांबवावी लागली."

एर्मेसने शेजारची खुर्ची पायाने पुढे सरकवली.

"तुमच्याबरोबर एक घोट घेतो," सिल्वानो म्हणाला. "त्याच बाटलीतला."

ओनोरिनाने ओतलं. सिल्वानोने ग्लास सवयीने नाकाखाली नेला आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. त्याने पुन्हा एकदा हुंगलं. मग न पिता ग्लास टेबलावर ठेवला.

"मास्तर, ही बाटली बुचाने मारलीय. बुचाला बुरशी होती. ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय नुसता." त्याने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "दोन महिने काम केलेल्या माणसालाही हे कळतं. आणि तुम्ही हिला एकोणीस दिलेत."

डोरिनोने आपला कागद पालथा घातला.

"आलं लक्षात," सिल्वानो म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला होता. "तेव्हा कामगारांसमोर केलीत. आज गावासमोर. फोन करून, घरून बोलावून. चेष्टा चांगली झाली, मास्तर."

त्याने टोपी डोक्यावर चढवली आणि तो दाराकडे वळला.

एर्मेसला त्या क्षणी अगदी स्पष्ट दिसलं की आपण गप्प राहिलो तर नाक वाचतं. गाव म्हणेल, म्हाताऱ्याने काय डाव टाकला. सडकी बाटली ओळखली, वर एकोणीस देऊन पोराची जिरवली. ती गोष्टही लग्नात सांगतील. फक्त सिल्वानो या दारातून बाहेर जाईल आणि पुन्हा येणार नाही.

"सिल्वानो," तो म्हणाला. "मला वास येत नाही."

सिल्वानो थांबला.

"फेब्रुवारीपासून. ताप आला आणि गेलं. काहीच येत नाही. उंदीर राहू दे, अख्खा बैल मरून पडला पिंपामागे, तरी कळायचं नाही. मी या दोघांची तोंडं बघून गुण देत होतो."

"आमची?" गल्यानो म्हणाला. "अरे, मी तुझं बघून देत होतो."

"मी सहा दिले होते," डोरिनो म्हणाला आणि पुरावा म्हणून कागद पुढे सरकवला. "हा एक नंतरचा आहे. बघ, शाई वेगळी दिसते."

"मग बोलला का नाहीस?" एर्मेसने विचारलं.

"तू दगड म्हणालास. मला वाटलं, आपण साठ वर्षं दाढ्या केल्या, आपल्याला दगडातलं काय कळतंय?"

सिल्वानो दारात तसाच उभा होता. मग त्याच्या खांद्यांना हिसका बसल्यासारखं झालं. तो रडतोय की काय असं ओनोरिनाला वाटलं, पण तो हसत होता. आवाज न करता, भिंतीला टेकून, बराच वेळ. हसू ओसरल्यावर तो बाहेर गेला, गाडीतून दुसरी बाटली घेऊन आला, स्वतः उघडली, बूच हुंगून बाजूला ठेवलं आणि चार ग्लास भरले.

या खेपेला गल्यानोचा खालचा ओठ आपोआप पुढे आला. डोरिनोने दुसरा घोट पहिल्याच्या पाठोपाठ घेतला. कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

एर्मेस ग्लास हातात धरून बसला होता. "कसला वास येतोय?" त्याने विचारलं. "सांग मला."

सिल्वानो अवघडला. असल्या गोष्टी बोलायची त्याला सवय नव्हती. "पिकलेलं पेअर," तो म्हणाला. "सालीसकट. मागे थोडं गवत, कापून दोन दिवस झालेलं. आणि शेवटी बदाम येतो, कडवट. पण तो सगळ्यांना येत नाही."

एर्मेसने घोट घेतला. डोळे मिटले नाहीत. "बदाम जिभेला लागतोय," तो म्हणाला. "कडवटपणा. आणि आंबटपणा जिथे हवा तिथे आहे. एवढंच सांगू शकतो." मग ग्लास खाली ठेवून तो म्हणाला, "त्या दिवशी मी जे बोललो, ते नाक शाबूत असताना बोललो होतो. त्याला काही सबब नाही."

"राहू द्या, मास्तर," सिल्वानो म्हणाला. "घ्या अजून."

निकालाच्या कागदाचं काय करायचं असं ओनोरिनाने विचारलं. मग तिने तळलेल्या चीज-बटाट्यांची गरम थाळी आणून त्यावरच ठेवली.

एर्मेस घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. गावाला कळलं होतं म्हणजे नेरिनाला तासाभरात कळणार होतं, आणि ते तिने आपल्याकडून ऐकावं असं त्याला वाटलं. ती चुलीपाशी उभी होती. तो खुर्ची ओढून बसला.

"तुला एक सांगायचंय."

"वास येत नाही, हेच ना?" पाठ न वळवता नेरिना म्हणाली. "मार्चपासून माहितेय."

"कसं?"

नेरिनाने मोठ्या भांड्यावरचं झाकण उचललं. वाफेचा लोट उठला. आत द्राक्षाच्या चोथ्यात आंबवलेले सलगम रटरटत होते. हिवाळ्यात ते घराघरात शिजतात आणि त्यांचा वास पडद्यांतून आठ दिवस जात नाही.

"बेचाळीस वर्षं तू हे या घरात शिजवू दिलं नाहीस. नाक खराब होतं म्हणून. मी आईकडे जाऊन खायचे," ती म्हणाली. "मार्चमध्ये एकदा करून बघितलं. तू आलास, कोट काढलास आणि विचारलंस, जेवायला काय? तेव्हापासून आठवड्यातून दोनदा करतेय, तुझ्यामागे खातेय."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले." तिने ताट घेतलं. "आणि खरं सांगायचं तर मला काही घाई नव्हती. पण शुक्रवारी ऐकलं की तू परीक्षक होणार आहेस, तेव्हा डॉक्टरची वेळ घेऊन टाकली. उद्या साडेनऊ."

तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं. एर्मेस त्यातून वर येणाऱ्या वाफेकडे बघत बसला. त्याने सवयीने नाक जरा पुढे नेलं, मग परत घेतलं.

"आणि डॉक्टरला नाही जमलं तर?" त्याने विचारलं.

नेरिनाने डाव हातात धरून त्यावर प्रामाणिकपणे विचार केला.

"मग तीनदा करीन," ती म्हणाली.