पुंडकरांच्या हिवाळ्याचा डबा

पुंडकरांनी टपालाने मागवलेले स्नोड्रॉप ह्या थंड मुलखातल्या पांढऱ्या फुलाचे कंद सोमवारी आले आणि त्यांचा हिवाळा बुधवारी, वेगळ्या पार्सलने आला. अकोल्यात तेव्हा मे महिना चालू होता, त्यामुळे हिवाळा मागवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. नर्सरी होती दूर डोंगरात. तिच्या कॅटलॉगमध्ये स्पष्ट छापलं होतं की उष्ण जिल्ह्यातल्या ग्राहकांना कंदांबरोबर एक हिवाळा मिळेल, डबा मात्र परत करावा.

मी आमच्या कॉलनीच्या उद्यान मंडळाचा सेक्रेटरी आहे. आमचे बहुतेक सभासद तुळस आणि कढीपत्त्याच्या पुढे गेलेले नाहीत. अपवाद फक्त प्रमिलाताई पुंडकरांचा. त्यांची बाग नुसत्या पांढऱ्या फुलांची आहे. मोगरा, जाई, कुंद, अनंत, निशिगंध, सगळं पांढरं. एकदा कुणीतरी दिलेल्या शेवंतीला पिवळं फूल आलं, तर त्यांनी ती कुंडी हळदकुंकू लावून माझ्याकडे रवाना केली. ह्या संग्रहात एकच फूल कमी होतं, स्नोड्रॉप. त्याच्यासाठी अनंताच्या झाडाखाली हातभर जागा त्यांनी लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून मोकळी ठेवली होती. रोज सकाळी ती झाडायच्या, सडा टाकायच्या, रांगोळीची चार बोटं ओढायच्या. त्यांचे यजमान भास्करराव पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. ते म्हणायचे की पाहुण्याचा पत्ता नाही आणि आमच्याकडे पाट मांडून ठेवलेला आहे.

बुधवारी पुंडकर नवराबायको मूर्तिजापूरला बारशाला गेले होते. कुरिअरवाल्याने पुंडकरांचं म्हणून पार्सल शेजारी शोभाबाई गावंडेंच्या हातात दिलं. वरचा पुठ्ठा दवाने भिजून वाटेतच गळून पडला होता आणि उरला होता तो फक्त स्टीलचा डबा, घट्ट झाकणाचा.

इथे आमच्या कॉलनीची रीत सांगितली पाहिजे. पुंडकर आणि गावंडे ह्यांच्या कुंपणावरून स्टीलच्या डब्यांची सारखी ये-जा असते. पुंडकरांचा डबा आला की तो लगेच उघडायचा, असेल ते गरम आहे तोवर संपवायचं, डबा घासायचा आणि परत करायचा. रिकामा मात्र कधीच करायचा नाही, काही नसलं तर चमचाभर साखर तरी घालायची. शोभाबाईंनी हे सगळं बिनचूक पार पाडलं. त्यांच्या वागण्यात मला आजही बोट ठेवायला जागा दिसत नाही.

त्यांनी डबा उघडला आणि हिवाळा बाहेर आला. दहा-पंधरा मिनिटांत गावंड्यांच्या हॉलमध्ये पंख्याच्या पात्यांपर्यंत धुकं चढलं. कूलर बंद करण्यात आला. दिवाणाच्या पोटातल्या रजया निघाल्या. एकटीने एवढा हिवाळा संपणार नाही हे शोभाबाईंच्या लक्षात आलं आणि त्यांनी गल्लीला हाका मारल्या.

मी पाहणीसाठी गेलो होतो. बाहेर पंचेचाळीस अंश तापमान आणि आत लोकांच्या तोंडातून वाफा निघताहेत. चुलीवर वांगी भाजायला घेतली होती. बायका घरी जाऊन काळ्या साड्या नेसून आल्या आणि त्यांनी संक्रांतीचं हळदीकुंकूही उरकून घेतलं, कारण थंडी असताना ते राहून गेलं तर बरं दिसलं नसतं. म्हाताऱ्या मंडळींनी माकडटोप्या चढवल्या आणि यंदा थंडी जरा जास्तच आहे अशी तक्रार सुरू केली. ऊन उंबऱ्यापर्यंत यायचं आणि अदबीने तिथेच थांबायचं. दात वाजत होते, हसू आवरत नव्हतं, आणि कुणी कुणाला तिळगूळ देत होतं तर कुणी उगाचच टाळ्या देत होतं. मी भरीत तीनदा घेतलं. इतकी मजा मला माझ्या लग्नातही आली नव्हती.

संध्याकाळपर्यंत हिवाळा संपला. शोभाबाईंनी डबा चकचकीत घासला, त्यात साखर घातली आणि पुंडकर परत आल्यावर कुंपणावरून दिला.

"ताई, हिवाळा फार छान झाला होता," त्या म्हणाल्या. "घरीच केला का?"

प्रमिलाताईंनी झाकण उघडून साखर बघितली. डबा मांडीवर घेऊन त्या अनंताच्या झाडाखाली, त्यांच्या हातभर मोकळ्या जागेशेजारी बसल्या. त्यांचा चेहरा पाहून मला फार वाईट वाटलं. भरीत पोटात असल्यामुळे जरा जास्तच वाटलं.

शोभाबाईंना काय झालं ते कळल्यावर त्यांचंही तोंड उतरलं. "काहून बाप्पा, मला काय माहीत त्यांचा मागवलेला आहे म्हणून," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "स्टीलचा डबा होता ना."

भास्कररावांनी नर्सरीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकरवर ठेवला. पलीकडची मुलगी अतिशय नम्र होती. तिने विचारलं की हिवाळा कोणी उघडला, आणि उघडताना ग्राहक हजर होते का. नव्हते म्हटल्यावर तिने खेद व्यक्त केला. सील फुटलेला हिवाळा बदलून मिळत नव्हता. नवा डिसेंबरात मिळाला असता, कारण त्यांच्याकडेही माल तेव्हाच येतो.

"आणि कंदांचं काय?" प्रमिलाताईंनी विचारलं.

"त्यांना आज रात्री झोपवावं लागेल, मॅडम. हिवाळ्याशिवाय ते झोपत नाहीत. जागे राहिले तर सकाळी साधे कांदे होतात. त्यानंतर आमची जबाबदारी नाही."

कंद टोपलीत शेजारीच होते. त्यांनी हे ऐकलं असावं असं मला वाटलं, पण तसं म्हणायला पुरावा नाही. भास्कररावांनी खात्यात अनेक वर्षं पाण्याच्या पाळ्या ठरवल्या होत्या, त्यामुळे असल्या बाबतीत त्यांचं डोकं चालतं. त्यांनी विचारलं की दुसऱ्या गावचा हिवाळा चालेल का. मुलीने थांबायला सांगितलं, फोनवर सनई वाजली, मग ती वरिष्ठांना विचारून परत आली. गावाची अट नव्हती. डबा काठोकाठ भरलेला हवा, एवढीच अट होती.

शोभाबाईंनी प्रमिलाताईंच्या मांडीवरचा डबा उचलला आणि त्यातली साखर वाटीत काढली. "रिकामा डबा परत करायची आपल्यात रीत नाही, ताई. मी भरून देते."

आणि आम्ही घरोघर निघालो. आमच्याकडे थंडी पडते थोडीच, पण लोक ती टाकून देत नाहीत, असं त्या दिवशी लक्षात आलं. रजयांच्या घड्या उलगडल्या तशी प्रत्येक घडीतून थोडा थोडा जानेवारी निघाला. कुणाच्या देवघराच्या फरशीखाली मार्गशीर्षातली एक पहाट होती. माझ्या स्वेटरच्या बाहीत फिरायला जाताना जमलेलं धुकं सापडलं, ते मी मंडळाच्या वतीने दिलं. एका घरातून माठाचा गारवा आणि दुसऱ्या घरातून फ्रीजमधली थंडी आली, तेव्हा वाद झाला. मी निर्णय दिला की माठाचा गारवा हा उन्हाळ्याचा भाग आहे आणि फ्रीजमधली थंडी कुठल्याच मोसमात बसत नाही, सबब दोन्ही नामंजूर. फ्रीजवाल्यांना राग आला. त्यांनी मग माळ्यावर चढून हुरड्याची एक अख्खी दुपार काढून दिली, चटणीच्या वासासकट.

सगळी कॉलनी संपली तरी डबा दोन बोटं अपुरा राहिला. शोभाबाईंनी तो आपटून बघितला, हलवून बघितला, पण थंडी बसून आणखीच खाली गेली. प्रमिलाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. कंदांनी टोपलीत कूस बदलली.

भास्करराव उठून आत गेले. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एक तपकिरी मफलर होता, घडी न मोडलेला, कापूर घालून ठेवलेला.

प्रमिलाताई बघतच राहिल्या. "हा तर मी विणला होता. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात. तुम्ही तर म्हटलं होतं, हरवला म्हणून."

"वापरला असता तर संपला असता ना," भास्करराव म्हणाले.

त्यांनी मफलर डब्यावर धरला. क्षणभर त्यांचा हात तसाच थांबला. मग त्यांनी तो झटकला आणि तो पूर्ण हिवाळा, इतकी वर्षं सांभाळलेला, डब्यात उतरला. झाकण जेमतेम लागलं. मफलर मऊ पडला होता. तो त्यांनी तसाच गळ्यात गुंडाळला, मे महिन्यात, आणि त्यांना कुणी काही बोललं नाही.

कंद अनंताखाली लावले, झाकण काढून डबा त्यांच्यावर पालथा घातला आणि सगळे घरी गेलो.

सकाळी डबा बाजूला सरकलेला होता आणि फुलं आलेली होती. कॅटलॉगमधल्या चित्रात ती मान खाली घालून उभी आहेत. आमची मात्र उन्हाकडे पाठ करून निवांत टेकली होती, थंडीत ओट्यावर बसतात तशी. अगदी जवळ गेलं तर हुरड्याच्या चटणीचा पुसटसा वास येत होता. रंगाची तपासणी मी स्वतः केली. पांढराशुभ्र होता. मंडळाच्या वतीने मी जाहीर केलं की पुंडकरांचा संग्रह पूर्ण झाला आहे. प्रमिलाताई फुलांकडे बघत होत्या आणि मधून मधून मफलरकडे. मग त्या हसायला लागल्या, शोभाबाई हसायला लागल्या, आणि कारण माहीत नसताना कुंपणाच्या दोन्ही बाजूंना सगळे पोट धरून हसत सुटले.

राहिला प्रश्न डब्याचा. भास्करराव तो नर्सरीला परत करायला पुठ्ठ्यात बांधायला घेत होते, तेवढ्यात प्रमिलाताईंनी हात धरला. रिकामा कसा पाठवता, असं त्यांनी विचारलं. घरात तेव्हा भरपूर असलेली वस्तू एकच होती. त्यांनी डबा उघडा करून अंगणात ठेवला, ऐन वैशाखातली दुपार त्यात दाबून भरली, झाकण लावलं आणि फडक्यात गुंडाळून रवाना केला.

पुढच्याच आठवड्यात नर्सरीतून फोन आला. तीच मुलगी होती, पण तिचा आवाज मागच्यासारखा नम्र नव्हता, तिला हसू येत होतं. तिच्यामागे बरेच लोक एकदम बोलत होते. कुणीतरी स्वेटर काढा म्हणून ओरडत होतं, तर कुणी विचारत होतं की पापड वाळले का. डबा पोचल्याचं तिने कळवलं आणि तो घासून परत पाठवत असल्याचंही सांगितलं.

"मॅडम, दुपार फार छान झाली होती," ती म्हणाली. "घरीच केली का?"

"हो," प्रमिलाताई म्हणाल्या. "घरचीच आहे."