फेटल एरर आणि लिंबाजीमामांचा फेटा

बन्सीधर स्वतःची ओळख करून द्यायला लागले की ऐकणाऱ्यानं आधी बसून घ्यावं, असा रामहरीचा अनुभव होता.

"मी बन्सीधर. गुप्तहेर. गोदावरीपासून पूर्णेपर्यंत माझ्या नजरेतून निसटलेला गुन्हेगार न्हाई. माणसाच्या चपलेकडं बघून मी त्याचं गाव सांगतो, आन् एकदा गाव कळलं की तालुका आपसूक कळतो."

मानवतमध्ये त्यांचं कुलूपदुरुस्तीचं दुकान होतं आणि त्यावर आठ फुटी पाटी होती: 'गुप्तहेर'. रामहरीनं एकदा विचारलं होतं, "दाजी, गुप्त हाय तर पाटी कशाला?"

"पाटी नसली तर लोकांना कळंल कसं, की मी गुप्त हाय म्हणून?"

रामहरी त्यांचा मेव्हणा. एसटीतून निवृत्त झाल्यावर बहिणीनं त्याला सांगितलं होतं, "रिकामा बसण्यापरीस ह्यांच्यावर नजर ठेव." आपल्याला सहायक नेमलंय, हे त्याला पुढं पाटीवरच्या बारीक अक्षरांतून कळलं.

नागपंचमीला चार दिवस उरले असताना फोटो स्टुडिओवाला परमेश्वर दुकानात आला. कुलूप घेऊन आला नव्हता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

त्यानं सांगितलं ते असं. जिंतूरच्या दत्तरावांची अर्पिता मे महिन्यात मानवतला दिली. नवऱ्याचे मामा लिंबाजी यांचं म्हणणं, लग्नात सगळ्यांना फेटे बांधले, मलाच बांधला नाही. दत्तरावांचं म्हणणं, मी स्वतःच्या हातानं बांधला. तीन महिने हे चालू होतं. परवा अर्पिताचा भाऊ तिला पंचमीला न्यायला मुराळी म्हणून आला, तर सासरच्यांनी चहा पाजून मोकळाच परत धाडला. फेटा दाखवा, मग पोरगी न्या.

"मग व्हिडिओ दाखवायचा," रामहरी म्हणाला.

"तिथंच तर बेजार हाय. पेनड्राईव्हवर दिला तर म्हणतेत, कापून आणला. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या वेबसाइटवर चढवलेला, तारीख-वेळ घातलेला, तेवढाच दोघांना मंजूर हाय. आन् तो उतरतच न्हाई. फोटो उतरतेत. हळदीचा दोन मिनिटांचा उतरतो. लग्नाचा तीन जीबीचा दाबला की कोरं पान येतं."

बन्सीधरांनी डोळे मिटले. "कुणाला तरी तो फेटा जगासमोर यायला नकोय."

स्टुडिओत परमेश्वरची बायको बबिता अल्बमची पानं जुळवत होती. लग्नाआधी तिनं परभणीला संगणकाचा कोर्स केला होता, आणि वेबसाइट बांधून देणारा पुण्याला जाऊन फोन उचलेनासा झाल्यापासून त्या वेबसाइटची मोडतोड तीच दुरुस्त करायची. तिनं पडद्यावर सर्व्हरची चुकांची नोंद उघडून ठेवली होती.

"हे बघा दादा, इथं लिहिलंय. फेटल एरर, मेमरी संपली. फाईलचं नाव, ओळ चौदा. मी जरा..."

"ताई, पुराव्याला हात लावू नका." बन्सीधरांनी भिंग काढलं आणि पडद्याला लावलं. त्यातून त्यांना लाल, हिरवे, निळे ठिपके दिसले. त्यांनी ते वहीत लिहून घेतले. "फेटल. म्हंजे फेट्यासंबंधी. एरर म्हंजे चूक. रामहरी, मशीननं सरळ कबुलीजबाब दिलाय."

"बाकीच्या लग्नांच्या मोठ्या व्हिडिओलाबी हेच येतंय," बबिता म्हणाली.

"त्या लग्नांत फेटे नव्हते का?"

बन्सीधर पुढच्या शब्दाकडं वळले. "आन् मेमरी संपली. कुणाची?" त्यांनी परमेश्वरकडं रोखून पाहिलं. "काल रात्री काय जेवलास?"

परमेश्वर दचकला. "भाकर... पिठलं?"

"खिचडी," बबिता मान वर न करता म्हणाली.

"सबूत मिळाला," बन्सीधर म्हणाले.

त्या दिवसापासून परमेश्वरला रोज सकाळी सात भिजवलेले बदाम सुरू झाले. तीन दिवसांत त्याला चौथीतली कविता आठवली, शिवाय कुणाकुणाचे अल्बम द्यायचे राहिलेत तेही आठवलं, त्यामुळं तो आणखी खचला. व्हिडिओ जागचा हलला नाही. बबिता रोज म्हणायची, "मला एकदा ती चौदावी ओळ बघू द्या," आणि बन्सीधर रोज म्हणायचे, "तपास चालू हाय."

रामहरीला मनातून वाटायचं, बघू द्यावं बाईला. पण दाजींना मधे बोललेलं खपत नसे.

चौथ्या दिवशी बन्सीधरांनी ओळखपरेड काढली. दोन्ही घरच्या माणसांनी बरोबर अकरा वाजता आपापल्या मोबाइलवर डाउनलोडचं बटण दाबायचं. ज्याचा अंगठा कचरेल तो गुन्हेगार. जिंतूरकडं लक्ष ठेवायला कुणी नव्हतं, तेव्हा तिकडचे अंगठे फोनवर ऐकायचं ठरलं.

अकरा वाजता अडतीस अंगठे पडले. एकही कचरला नाही. सर्व्हर मात्र आडवा झाला. आता व्हिडिओच काय, कुणाच्या बारशाचा फोटोसुद्धा उघडेना. परमेश्वरचा फोन घणघणायला लागला. दोन्हीकडचं एकच म्हणणं: स्टुडिओवाला मुद्दाम लपवायलाय.

तासाभरात लिंबाजीमामा चार माणसं घेऊन स्टुडिओत हजर झाले. मागं अर्पिता होती. जिंतूरहून दत्तराव पहिल्या गाडीनं निघाले होते. उद्या पंचमी होती. अर्पिता बबिताशेजारच्या स्टुलावर बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. रामहरीला चार दिवसांत पहिल्यांदा लाज वाटली. चोर, आरोपी, फेटा या गडबडीत ही पोरगी कुणाच्या लक्षातच नव्हती.

"गुन्हेगार ह्याच खोलीत हाय," बन्सीधर म्हणाले.

"दाजी," रामहरी म्हणाला, "तुमी जरा बाहेर चला. बाहेर एक संशयित चप्पल दिसली."

"कुठल्या गावची?"

"तेच कळंना."

बन्सीधर भिंग घेऊन बाहेर गेले. रामहरीनं आतून कडी लावली. "बघ ताई तुझी ओळ."

बबितानं सर्व्हर पुन्हा चालू केला आणि चौदावी ओळ उघडली. बघून तिला हसूच आलं.

"काका, सर्व्हर म्हंजे वाढपी. आपल्या वाढप्याला मालकानं एवढीच जागा दिलीय, एकशे अठ्ठावीस एमबी. आन् ह्या ओळीत लिहिलंय, की आधी अख्खी फाईल डोक्यावर घे, मग वाढ. फोटो म्हंजे वाटीभर, ते जमतं. तीन जीबीची कढई उचलायला गेला की पडतो. सकाळी तर अडतीस कढया एकदम."

"मग जागा वाढवून घेऊ," परमेश्वर म्हणाला. बदामानं तो हुशार झाला होता.

"किती? दर पाहुण्यामागं तीन जीबी? कढई उचलायचीच कशाला. पळीपळीनं वाढायचं."

तिनं ती ओळ काढून चार ओळी लिहिल्या. फाईल उघड, आठ केबी वाच, पाठव, संपेपर्यंत हेच कर. परमेश्वरनं बटण दाबलं. कोरं पान.

लिंबाजीमामा खाकरले. अर्पितानं पदर सोडला.

बबितानं पुन्हा नोंद वाचली. "पळी घेतोय, पण ताटात न वाढता मधल्या बादलीत साठवायलाय. बादली भरली की पुन्हा तेच." वर एक ओळ घालून तिनं ती मधली साठवण बंद केली आणि दर पळीनंतर लगेच पुढं सरकवायला सांगितलं.

या वेळी अर्पितानं आपल्या मोबाइलवर बटण दाबलं, आणि एक टक्का आला. मग दोन. सर्व्हरची मेमरी दाखवणारी रेघ अंगणासारखी सपाट होती. दत्तराव येऊन पोचले तेव्हा सत्तर झाले होते. कडी उघडल्यावर बन्सीधरही आत आले आणि चप्पल त्यांची स्वतःचीच निघाल्याचं त्यांनी प्रांजळपणे सांगितलं.

व्हिडिओ अर्पिताच्या मोबाइलवर उतरला. तिनंच तो पुढं सरकवला. एक तास चाळीस मिनिटांवर दत्तराव लिंबाजीमामांच्या डोक्याला गुलाबी फेटा बांधत होते. मामा आरशात बघून दोनदा हसलेही. पुढं पंगत झाली. मग मामा कूलरसमोरच्या गादीवर आडवे झाले, फेटा उशाला घेतला आणि तोंड उघडं टाकून घोरायला लागले. आचाऱ्याची बाई आली, मामांच्या डोक्याखालून फेटा ओढला, त्यानं गरम पातेलं धरलं आणि निघून गेली. मामांनी कूससुद्धा बदलली नाही.

दत्तरावांनी खिडकीकडं बघितलं, कारण मामांकडं बघून त्यांना हसू आवरलं नसतं.

"मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो," बन्सीधर म्हणाले, "मेमरीचा घोळ हाय."

लिंबाजीमामा उठून दत्तरावांसमोर आले. मग म्हणाले, "दत्तराव, चूक माझी. पोरीला आत्ताच घेऊन जावा. आमी सोमवारी आणायला येतो."

अर्पिता घाईनं पिशवी भरायला घरी पळाली आणि पाऊण तासात बापलेक जिंतूरच्या गाडीत बसले. खिडकीतून तिनं बबिताला हात केला. बन्सीधरांनी तो स्वतःला समजून मान लववली.

स्टुडिओत लिंबाजीमामा एकटेच मागं रेंगाळले. सगळे गेल्याची खात्री करून ते बबिताजवळ आले.

"बाई, तेवढा घोरायचा भाग काढता यील का? फौरन?"

बबितानं पडद्याकडं पाहिलं. "मामा, आत्तापर्यंत त्रेचाळीस जणांनी उतरवून घेतलाय," ती म्हणाली. "एकाचाबी मधे तुटला न्हाई."