तारखेकडून कापू नका

आमच्या शेजारचे मुनीरभाई कुणाच्याही घरी गेले की पाणी मागायच्या आधी फ्रिज उघडतात. खायला काय आहे ते बघायला नव्हे. फ्रिजच्या दारात, लोण्याच्या डब्याशेजारी, बहुतेक घरांत डोळ्यांच्या थेंबांची एखादी जुनी बाटली पडलेली असते. ती बाहेर काढायची, खिशातलं भिंग लावून तारीख वाचायची आणि खटल्याचा निकाल द्यावा तसं जाहीर करायचं, "मेली ही. कधीच मेली."

रेवा, नील, मागच्या व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, तुझ्या मागे फ्रिजमध्ये डोकं घालून कोण उभे आहेत?" मी घाईत "शेजारी" म्हणाले. पण त्या एका शब्दात मुनीरभाई मावत नाहीत, म्हणून हे लिहायला बसले.

मुनीरभाई नोकरीत असताना एका औषध कंपनीचे एम. आर. होते. लातूर-नांदेडचा सगळा पट्टा त्यांच्याकडे. उन्हाळ्यातसुद्धा टाय बांधून, काळी बॅग मांडीवर घेऊन एस. टी.नं उदगीर, मुरूड, जळकोट फिरायचे आणि प्रत्येक दवाखान्यात आपल्या गोळ्यांचे गुण गायचे. निवृत्त झाल्यावर माणसं पेपर वाचतात, फिरायला जातात. यांनी उलटा प्रवास सुरू केला. जन्मभर खपवलेली औषधं आता ते घरोघरी जाऊन परत गोळा करतात.

"भाभी, पसरवली मीच," ते म्हणतात. "मग झाडायची कुणी?"

मुदत संपलेली गोळी कचऱ्यात टाकायची नाही. औषध बेसिनमध्ये ओतायचं नाही. का, असं मी एकदाच विचारलं आणि माझी पोळी तव्यावर जळाली.

"कचरा डेपोवर गाय खाती ती गोळी. पाऊस पडला की औषध वाहून नदीला जातंय. आन् जंतू? जंतू थोडं थोडं औषध चाखून पहिलवान होऊन राहिलाय भाभी! मग खरा ताप आला की गोळीला हसतोय तो, हसतोय!"

यात न पटण्यासारखं काहीच नाही. त्रास होतो तो याचाच. माणूस चुकीचं बोलत असता तर दार लावून घेता आलं असतं.

पण त्यांचं खरं दुखणं म्हणजे गोळ्यांची पट्टी. तुम्ही राहता तिकडे गोळ्या बाटलीत मिळतात. इथे दुकानदार पट्टी कात्रीनं कापून हव्या तेवढ्या गोळ्या देतो. तारीख पट्टीच्या एकाच टोकाला छापलेली असते. लोक हमखास त्याच टोकाकडून सुरुवात करतात. दोन गोळ्या पोटात जातात, तारीख केरात जाते आणि उरलेल्या गोळ्या कधीच्या आहेत ते कुणालाच सांगता येत नाही. मुनीरभाई त्यांना "बेवारस" म्हणतात. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गिऱ्हाइकाच्या खांद्यावरून ते ओरडतात, "तारखेकडून कापू नका! तारीख शेवटपर्यंत जिवंत ठेवा!" त्यांना लांबून येताना बघितलं की तो दुकानदार कात्री गल्ल्यात लपवतो.

मी प्लॅस्टिकच्या पिशव्यासुद्धा घड्या घालून ठेवते, हे तुम्हाला माहीत आहे. जन्मात कधी तारखेकडून पट्टी कापली नाही. याचं मुनीरभाईंना एवढं कौतुक की ते गल्लीभर सांगत सुटले, "शिका भाभीकडून. इंग्रजीच्या मास्तरीण हायत त्या!" परिणाम असा की समोरच्या कुलकर्णी वहिनी महिनाभर माझ्याशी तुटक वागल्या.

दर रविवारी सकाळी त्यांची फेरी असे. हातात बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा आणि दारातून हाक, "भाभी, मेलेलं काय हाय का घरात?" एकदा ही हाक ऐकून माझ्याकडे आलेल्या पाहुण्या बाई सोफ्यावरून उठून उभ्या राहिल्या. घंटागाडी आली की हे तिच्या पुढे उभे. लोकांच्या पिशव्या हुंगल्यासारख्या करून बघायचे, आणि मागे अख्खी गल्ली कचरा हातात धरून ताटकळत. त्याहून कहर म्हणजे मागच्या गल्लीतले अप्पा वारले तेव्हा भेटायला गेलो, तो प्रसंग. सगळे माना खाली घालून बसलेले. मुनीरभाईंनी डोळे पुसले, अप्पांच्या सुनेच्या डोक्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "बेटा, अप्पांच्या औषधांचं काय केलंस?" मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. त्या मुलीनं मात्र मुकाट्यानं आतून पिशवी आणून दिली. परतताना मी चांगलंच झापलं त्यांना. ते म्हणाले, "आज न्हाई विचारलं तर उद्या उकिरड्यावर जाईल, भाभी. अप्पा काय, रागावणार न्हाईत."

हे गोळा केलेलं जायचं कुठे? त्यांच्याच घरात. त्यांच्या पत्नी, जुबेदाभाभी, गेल्यापासून घरात अडवणारं कुणी नाही. दिवाण भरला, मग स्वयंपाकघरातली फळी, मग भाभींच्या शिलाई मशीनखालची जागा. जाळायचं नाही, पुरायचं नाही. "कंपनीनं बनवलं, कंपनीनं न्यावं," हे त्यांचं पालुपद.

त्यांची मुलगी नसरीन हैदराबादला असते. ती दर फोनला म्हणायची, "अब्बा, यहाँ आ जाओ." यांचं उत्तर ठरलेलं, "कैसा आऊँ बेटा? इतनी दवाइयाँ किसके हवाले करूँ?" मला नसरीनची दया यायची. एकट्या म्हाताऱ्या बापानं विषाच्या ढिगात झोपायचं आणि मुलीनं तिकडे काळजी करत बसायचं, हे काय शहाणपण?

एक दिवस खरोखरच एक औषध कंपनी आमच्या नगरात आली. त्यांची जुनी नव्हे, दुसरीच. सामाजिक जबाबदारीचा कार्यक्रम होता, म्हणजे झाडं लावायची होती. मंडप, फलक, सगळ्यांना हिरव्या टोप्या. लिंबाचं रोप वीतभर, त्याच्यामागची कंपनीच्या नावाची पाटी पुरुषभर. एकेका रोपाला पाच-पाच जण हात लावून फोटो काढत होते. मला वाटलं, ते बिचारं रोप गुदमरून मरणार.

तेवढ्यात मुनीरभाई टाय बांधून, डबा घेऊन थेट मंचावर चढले. डबा टेबलावर पुष्पगुच्छांच्या मधोमध ठेवला.

"ही तुमची अमानत. घेऊन जा."

कंपनीची तरुण अधिकारी गडबडली. "सर, हे आमच्या उपक्रमात बसत नाही."

"बसत न्हाई? गोळी तुमची, पट्टी तुमची, नफा तुमचा. आन् कचरा तेवढा आमच्या भाभीचा?"

असं म्हणून त्यांनी गर्दीत माझ्याकडे बोट दाखवलं. सगळ्या हिरव्या टोप्या माझ्याकडे वळल्या. त्यानंतर आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही.

पण ती मुलगी चिकाटीची निघाली. तिनं डबा गाडीत ठेवून नेला आणि कुणास ठाऊक किती वरिष्ठांचं डोकं खाल्लं. दुसऱ्या वर्षी ती परत आली ती लोखंडी पेटी घेऊनच. कोपऱ्यावरच्या मेडिकलबाहेर पेटी बसली. वरून औषध टाकायचं, किल्ली कंपनीकडे. त्यांची गाडी दर महिन्याला येणार, माल नेऊन मोठ्या भट्टीत रीतसर जाळणार. पहिल्याच फेरीत मुनीरभाईंचं घर रिकामं झालं. त्यांनी गल्लीत पेढे वाटले. गाडीवाल्यालाही एक भरवला आणि वर बजावलं, "खोका उलटा धरू न्हाई, सिरप हाय त्यात."

आम्ही सगळ्यांनी निःश्वास सोडला. मी तर देवापुढे साखर ठेवली.

आता रविवारी कुणी फ्रिज उघडत नव्हतं. लोक मेडिकलला जाताना औषधं पेटीत टाकून येत, काम झालं. पहिल्या रविवारी मुनीरभाई सवयीनं डबा घेऊन निघाले. कुलकर्णी वहिनींनी दारातूनच सांगितलं, "पेटीत टाकलं हो, भाई!" पुढच्या घरीही तेच. ते "हाव, हाव, बरं केलं" म्हणत परत फिरले. मग त्यांनी येणंच बंद केलं. संध्याकाळी पेटीसमोरच्या पायरीवर बसलेले दिसत. कुणी औषध टाकलं की मान डोलवायचे. टाकणारा निघून जायचा, थांबायचं त्याला कारण नव्हतं.

नसरीनचा मला फोन आला. "आंटी, आता तर अब्बांचं काम झालं ना? रविवारी मी न्यायला येते. तुम्ही समजवा त्यांना."

मी म्हटलं, "बघते." शनिवारी बघितलं तर त्यांच्या व्हरांड्यात एक बॅग भरून तयार होती. काळीच, एम. आर.ची. मी काय आणि कसं समजवायचं ते मला सुचेना. वर्षानुवर्षं ज्याच्या नावानं कटकट केली तोच माणूस आता निघाला होता. मी घरी आले, कपाटातून ब्लड प्रेशरच्या गोळ्यांची कोरी पट्टी काढली, कात्री घेतली आणि मग त्यांना हाक मारली.

ते आले, पण फ्रिजकडे वळले नाहीत. पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर टेकले. मी पट्टी पुढे केली. "भाई, ही बघा जरा. कधीची आहे ते कळेना."

त्यांनी भिंग काढलं. पट्टी उलटी केली, सुलटी केली. आणि मग घर दणाणलं.

"तारखेकडून कापली? भाभी, तुम्ही?"

"घाईत झालं," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग टेबलावर बघितलं. तिथे मेडिकलची पिशवी होती, नीट घडी घातलेली, आणि शेजारी कात्री. कापलेला तारखेचा तुकडा मी उचलायला विसरले होते, तो तिथेच चमकत होता. मुनीरभाईंनी तो भिंगाखाली धरून पूर्ण वाचला. रुमाल काढून भिंग पुसलं, बराच वेळ पुसलं.

मग फोन काढला आणि माझ्यासमोरच लावला.

"नसरीन बेटा, कल नक्को आ. अब्बी नहीं होता आना. अरे कैसा आऊँ? यहाँ लोगां अब्बी भी तारीख के तरफ से काट रैं. पढ़े-लिखे लोगां, बेटा!"

फोन खिशात ठेवून ते उठले, फ्रिजपाशी गेले आणि दार उघडून आत डोकं घातलं.

"चहा टाका, भाभी," आतून आवाज आला. "वेळ लागंल मला."