ओव्हरड्राइव्हचा ठराव

गाडीचं बॉनेट उघडं ठेवायचं मी ठरवलं, ते निव्वळ उंदराचा वास जावा म्हणून. (हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे गावात माझ्याबद्दल बरंच वेगळं बोललं गेलं.)

गाडी व्हर्जिलमामाची. १९७० सालची निळी शेव्हेल, बॉनेटवर दोन पांढरे पट्टे, आणि आत असं दांडगं इंजिन की सुरू केलं की समोरच्या घराची तावदानं थरथरत. मामा जाताना घर आणि गाडी दोन्ही माझ्या नावावर करून गेला. मी तेव्हा कोपनहेगनला होतो. गावातली माणसं एकत्र कशी आणावीत, या विषयाची पदवी घेत होतो. (अशी पदवी असते. मामालाही ते शेवटपर्यंत खरं वाटलं नाही.) तिथे मी शिकलो की माणसं एकटी पडतात, कारण त्यांना एकत्र बसायला जागाच नसते. हे ऐकून माझं रक्त उसळलं. पदवी हातात पडताच मी ओहायोला, आमच्या हार्लन मिल्सला परतलो, गाव जोडायला.

दर मंगळवारी वाचनालयात मी ‘नागरिक संवाद’ सुरू केला. चाळीस खुर्च्या मांडल्या, ओटमीलची बिस्किटं भाजली. पहिल्या मंगळवारी दोघं आली. एक वाचनालयाच्या बाई, दुसरे गृहस्थ पाऊस थांबायची वाट पाहत होते. तिसऱ्या मंगळवारी बाईंनी किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “जाताना दिवा घालव.” बिस्किटं मला शुक्रवारपर्यंत पुरायची. त्या दिवसांत मी गाडीत पेट्रोलसुद्धा थोडंथोडं भरत असे, म्हणजे पंपावरच्या काउंटरवाल्या बाईंशी आठवड्यातून तीनदा बोलणं होई. (“पावती हवी?” “हो.” एवढंच. पण समोरासमोर.)

तर त्या शनिवारी मी गॅरेजचं शटर वर केलं आणि बॉनेट उघडलं. आमच्याकडे शटर वर आणि बॉनेट उघडं म्हणजे काय, हे मी सहा वर्षांत साफ विसरलो होतो. दहा मिनिटांत लेलंड स्टकी हजर. त्यांनी तीस वर्षं शाळेत मुलांना हत्यारं धरायला शिकवलं होतं. येताना घडीची खुर्ची त्यांनी स्वतःच आणली होती. पाठोपाठ धान्याच्या कोठारावरचा ड्वेन रप, हातात कॉफीचा थर्मास. मग मर्ल, निवृत्त पोस्टमन. हा तासाला एक शब्द बोलतो.

“काय झालंय हिला?” लेलंडनी विचारलं.

उंदीर म्हणणं बरं दिसेना. “ओव्हरड्राइव्ह घालावा म्हणतोय,” मी म्हणालो.

हा शब्द मी त्याच सकाळी वाचला होता, उंदराने घरटं केलेल्या मासिकाच्या उरलेल्या पानावर. या जुन्या गाडीला आपोआप बदलणारे गिअर तीनच. हायवेवर पासष्टचा वेग धरला की इंजिन ऊर फुटेस्तोवर ओरडतं. वर आणखी एक गिअर मिळाला की गाडी त्याच वेगाने धावते आणि इंजिनाची धाप थांबते.

तिघांनी इंजिनाकडे पाहिलं. खुर्च्या नीट लावल्या.

“लहान चार गिअरची पेटी घाल,” ड्वेन म्हणाला. “जुनीच्या जागी अलगद बसते. मागच्या चाकांकडे जाणारा खालचा दांडा कापावा लागत नाही.”

“आणि या इंजिनापुढे टिकते किती?” लेलंड म्हणाले. “लोण्यासारखी वितळेल. मोठी घाल, पोरा.”

“मोठी घातलीस तर दांडा काप, आडवी पट्टी सरकव. आणि पहिल्या गिअरला गाडी उडी मारते, दुसऱ्याला डुलकी घेते.”

“ते तुला चालवता येत नाही म्हणून.”

“तू पोरांना चिमण्यांची घरटी ठोकायला शिकवत होतास ना, तेव्हापासून चालवतोय मी.”

तासाभराने मर्ल म्हणाला, “क्लच.”

“क्लचचं काय?”

मर्लने पायाने पेडल दाबून दाखवलं आणि हाताने गिअर टाकून दाखवला. म्हणजे पाच गिअरची, हाताने चालवायची पेटी. त्यावर दुपारपर्यंत भांडण झालं.

पुढच्या शनिवारी सातजण आले. त्याच्या पुढच्या शनिवारी अकरा. कुणी बटाट्याचं सॅलड आणलं, कुणी मेव्हणा आणला. मी मांडलेल्या चाळीस खुर्च्यांवर कुणी बसलं नव्हतं, आणि इथे माणसं स्वतःच्या खुर्च्या घेऊन येत होती. मला भरून आलं. मी कोपनहेगनच्या सरांना सहा पानी पत्र लिहिलं.

आणि नेमकं तेव्हाच माझं शिक्षण जागं झालं.

चौथ्या शनिवारी माझ्या लक्षात आलं की चर्चा जागच्या जागी फिरते आहे. लेलंड वितळलेल्या पेटीची गोष्ट तिसऱ्यांदा सांगत होते आणि ड्वेन तिसऱ्यांदा तेच उत्तर देत होता. चर्चेतून काही निघालं नाही तर लोक कंटाळून पांगतात, हे आम्हाला पहिल्याच सत्रात शिकवलं होतं. मी पांगू देणार नव्हतो. मी फळा आणला. त्यावर रकाने आखले: ताकद, कापाकापी, पहिला गिअर.

“प्रत्येकाला दोन मिनिटं,” मी जाहीर केलं.

“कशाला?” ड्वेनने विचारलं.

“म्हणजे आपण निर्णयापर्यंत पोचू.”

लेलंडनी मर्लकडे पाहिलं. “घाई काय आहे?”

“घाई नाही, पण तुमचा सगळ्यांचा वेळ—”

“आमच्या वेळेचं आम्ही बघतो.”

हा मला त्यांचा मोठेपणा वाटला. मी मामाच्या टोपीत चिठ्ठ्या गोळा केल्या. लहान पेटीला सहा मतं, मोठीला चार, आणि एका चिठ्ठीवर ‘क्लच’. ठराव मंजूर झाला. टाळ्या वाजल्या. (मी वाजवल्या.)

पेटी आली त्या शनिवारी सगळे आले आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत राबले. माणसंच तशी भली. कार्बोरेटरपासून पेटीपर्यंत एक तार जाते; ती केसभर सैल राहिली तरी पेटी जळते म्हणतात. लेलंडनी गाडीखाली आडवं पडून ती स्वतः जुळवली. मग आम्ही हायवेवर गेलो. पासष्टच्या वेगाला इंजिन इतकं शांत की ड्वेनच्या पोटातलं सॅलड ऐकू येत होतं.

“छान झालं,” लेलंड म्हणाले. दफनविधीनंतर म्हणतात तसं.

परत आल्यावर त्यांनी गॅरेज झाडलं, खुर्च्यांच्या घड्या केल्या आणि एकेकाने माझ्याशी हात मिळवला. महिनाभरात कुणी हात मिळवला नव्हता. मला तो सन्मान वाटला.

पुढच्या शनिवारी मी आठ वाजताच शटर वर केलं. बॉनेट उघडलं. अकरा जणांची कॉफी केली. दहा वाजता मर्ल कुत्र्याला घेऊन समोरून चालला होता.

“मर्ल, या ना.”

त्याने गाडीकडे पाहिलं. “झाली ना?”

“झाली.”

“छान.” आणि तो गेला. त्याचा त्या तासाचा कोटा संपला होता, शिवाय पुढच्या दोन तासांचाही.

कॉफी मी सिंकमध्ये ओतली. अकरा जणांची कॉफी ओतायला बराच वेळ लागतो. आठवडाभर पंपावर जाऊन मोठ्याने सांगत राहिलो की आता मोठी पेटी घालायचा विचार आहे. काउंटरवाल्या बाई म्हणाल्या, “पावती हवी?”

तिसऱ्या शनिवारी मला ते सापडले. लेलंडच्या गॅरेजमध्ये, त्यांच्या जुन्या पिकअपभोवती अकरा खुर्च्या. पिकअपला मोठा कार्बोरेटर घालावा का, आणि घातला तर बॉनेट बंद होईल का, हा वाद तिथे चालू होता. नऊ वर्षांपासून. माझ्या गाडीसाठी त्यांनी तो महिनाभर बाजूला ठेवला होता.

तेव्हा मला सगळं कळलं. (कोपनहेगनला सहा वर्षं घालवून जे कळलं नव्हतं ते.)

लेलंडनी एक बादली उपडी करून पायाने माझ्याकडे सरकवली. मी बसलो. तोंड उघडायचं नाही, असं मनाशी घट्ट ठरवलं. ड्वेन म्हणाला, बॉनेट बंद होणं शक्य नाही. लेलंड म्हणाले, तुझं तोंडही बंद होणं शक्य नाही. कुणीतरी अर्धं सँडविच माझ्या हातात दिलं. चाळीस मिनिटं मी गप्प होतो, आणि गावात परतल्यापासूनची ती माझी सर्वांत सुखाची चाळीस मिनिटं होती.

पण माझ्या खिशात टेप होता. मी उठलो कधी, ते मलाच कळलं नाही. कार्बोरेटर मोजला, इंजिनाच्या वरची जागा मोजली.

“पाऊण इंच उरतो,” मी म्हणालो. “बसतो.”

सगळे माझ्या टेपकडे बघायला लागले.

“बसतो?” लेलंडनी हळूच विचारलं.

“आरामात.”

“मग झालंच म्हणायचं.”

ड्वेनने खुर्चीची घडी केली. साडेदहाला गॅरेज रिकामं झालं होतं.

घरी येऊन बसलो तोच फोन वाजला. तीन आठवड्यांत मला फक्त दातांच्या दवाखान्यातल्या यंत्राचा फोन आला होता. मी धावत जाऊन उचलला. पलीकडे नॉर्मा स्टकी, लेलंडच्या पत्नी.

“ग्रँट, माझा नवरा शनिवारी साडेदहाला घरात आलाय. तू काय केलंस?”

“मोजलं.”

“मोजलंस. तो इथे माझे सगळे चमचे ड्रॉवरमधून बाहेर काढून बसलाय. म्हणतो, लांबीप्रमाणे लावू. नऊ वर्षं शनिवारची सकाळ माझी होती, कळलं? तुला परदेशात कुणी काय शिकवलं मला ठाऊक नाही, पण...”

त्या बोलत राहिल्या. ऐकता ऐकता मी खुर्ची ओढून घेतली होती आणि पाय स्टुलावर टाकले होते. मध्येच त्या श्वास घ्यायला थांबल्या. त्या फोन ठेवतील की काय, असं वाटून मी घाईने पाय खाली घेतले.

“मिसेस स्टकी,” मी म्हणालो, “मला नीट लक्षात आलं नाही. जरा पहिल्यापासून सांगता का?”

त्यांनी सांगितलं. (या खेपेला काही नवे मुद्देही आले.) मग पलीकडे खळ्ळकन काहीतरी सांडलं आणि त्यांनी फोन आपटला.

मी फोन मांडीवर घेऊन तसाच बसून राहिलो. अजून दहा जणांच्या बायका बाकी होत्या.